बाबांना वाचून दाखवायला 'फाउंडेशन अँड अर्थ' कसं आहे? आणि रोबॉटची पुस्तकं आधी की नंतर?

अबोली_७

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझे बाबा ७४ वर्षांचे, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त. दोन वर्षांपासून डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही, त्यामुळे वाचन पार बंद झालं. दिवाळीआधी माळा आवरताना त्यांची विज्ञानकथाकार आयझॅक असिमोव्हची तीन पुस्तकं निघाली: 'फाउंडेशन', 'फाउंडेशन अँड एम्पायर' आणि 'सेकंड फाउंडेशन'. १९८१ साली फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेली. आतल्या पानावर पेन्सिलीने किंमत, तिन्ही मिळून २२ रुपये. पानं अशी कडक झालीत की उलटताना पापडासारखी मोडतात.

तेव्हापासून रोज रात्री जेवणं उरकली की पाऊण तास वाचून दाखवते. वाचते इंग्रजीतच, पण आईही तिथेच बसलेली असते म्हणून अधूनमधून मराठीत सांगते. आईला सम्राट आणि व्यापारी यांच्यात काडीचा रस नव्हता. 'म्यूल' (म्हणजे खेचर; लोकांची मनं फिरवणारा खलनायक) आला तेव्हा मात्र मेथी निवडायची थांबली आणि म्हणाली, "हे खेचर काय करणार आता?"

तीन संपली. पुढे आणखी आहेत हे बाबांना ठाऊकच नव्हतं. १९५३ ला तिसरं आलं आणि विषय मिटला, असं ते चाळीस वर्षं धरून चालले होते. मग १९८२ चं 'फाउंडेशन्स एज' मागवलं, तेही परवा संपलं. आता अडलेय पाचव्यापाशी, म्हणजे १९८६ च्या 'फाउंडेशन अँड अर्थ'पाशी. नेटवर मतं वाचली तर निम्मे लोक म्हणतात अप्रतिम, निम्मे म्हणतात पानंच्या पानं नुसती भांडणं. शिवाय रोबॉटची पुस्तकं वाचल्याशिवाय त्याला हात लावू नका, असंही एक जण निक्षून सांगतोय.

अजून एक, विचारायला जरा अवघड वाटतंय. त्यात म्हणे 'तसले' प्रसंग आहेत. समोर बाबा, शेजारी आई, आणि वाचणारी मी.

बाबांचा स्वतःचा प्रश्न एकच आहे: सेल्डनची हजार वर्षं पुरी होतात का? (गणिती हॅरी सेल्डनची योजना अशी की साम्राज्य कोसळल्यावरचा अंधार हजार वर्षांत संपवून दुसरं साम्राज्य उभं करायचं.) कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी मला फाउंडेशन सनाची, म्हणजे फाउंडेशनच्या स्थापनेपासून मोजलेल्या कथेतल्या वर्षांची, नोंद ठेवायला लावलीय. 'एज' संपलं ते ४९८ साली. "निम्मी जमा झाली, निम्मी बाकी," म्हणाले.

मला रहस्यभेद चालेल, बाबांना नको. वाचून दाखवणारी मीच, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय ते मला आधी कळलेलं बरं. मोकळेपणाने लिहा.

मधलीसुट्टी

नका वाचू. चौथ्यावर थांबा.

पहिल्या तिघांना मिळून १९६६ मध्ये सर्वकालीन सर्वोत्तम मालिकेचा ह्यूगो (विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार) मिळाला, चौथ्याला १९८३ चा ह्यूगो. पाचव्याला ह्यूगो नाही, आणि का नाही ते शंभराव्या पानापर्यंत कळतं. पृथ्वी शोधायला निघालेला ट्रेव्हाइझ आणि एकाच मनाच्या ग्रहावरून आलेली ब्लिस एका यानात बसून वाद घालतात: माणूस एकटा बरा की सगळ्यांचं मिळून एक मन बरं. ग्रह बदलतो, वाद तोच. आमच्या सोसायटीच्या मीटिंगा ऐका त्यापेक्षा, निदान शेवटी चहा मिळतो.

तिरपागडा

मधलीसुट्टी +१, पण अर्धाच. वाद कंटाळवाणा आहे हे मान्य. मधले ग्रह कंटाळवाणे नाहीत.

क्रमाचं म्हणाल तर 'प्रील्यूड टू फाउंडेशन'च्या (१९८८) सुरुवातीला खुद्द असिमोव्हनीच यादी दिली आहे, कथेतल्या काळानुसार १४ पुस्तकांची. रोबॉटच्या कथांपासून सुरू होते आणि 'फाउंडेशन अँड अर्थ'वर संपते. पण ही मी या क्रमाने लिहिलेली नाहीत, असंही तिथेच सांगून टाकलंय. पाऊण तास रोज या हिशेबाने १४ पुस्तकं म्हणजे काकांची नातवंडं लग्नाला येतील.

रच्याकने, खेचर भारी. मराठीत तो तसाच यायला हवा.

जुनंखोड

अबोलीताई, मी हे पुस्तक चुकीच्या क्रमाने वाचलेला माणूस आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९९१ च्या पावसाळ्यात डोंबिवलीच्या एका वाचनालयातून 'फाउंडेशन अँड अर्थ' आणलं. मुखपृष्ठ नव्हतं, पुठ्ठा चिकटवलेला होता. रोबॉटचं एकही पुस्तक तोवर वाचलं नव्हतं. आठवडाभर जाता-येता लोकलमध्ये वाचलं. शेवटी सगळे चंद्रावर पोचतात, आणि तिथे एक जण शांतपणे आपलं नाव सांगतो: डॅनील ऑलिव्हॉ. मला वाटलं, बरं, मग? कोण हा? पुस्तक परत केलं आणि विसरलो.

दहा-बारा वर्षांनी 'द केव्ह्ज ऑफ स्टील' (१९५४) हाती पडलं. पोलादी छताखालचं न्यूयॉर्क, उघड्या आभाळाला घाबरणारा इलायजा बेली नावाचा पोलिस, आणि त्याच्या गळ्यात मारलेला नवा जोडीदार, हुबेहूब माणसासारखा दिसणारा रोबॉट. त्याचं नाव वाचलं आणि घाटकोपर की विक्रोळी, कुठेतरी, मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो. चंद्रावरचा तो हाच होता. वीस हजार वर्षं तो एकटा राबत होता, आणि मी त्याला 'कोण हा' म्हणून परत करून आलो होतो.

म्हणून माझं मत पक्कं आहे. पाचवं पुस्तक हे बंद पडलेल्या घरांतून फिरणं आहे. कोकणातलं आपलं घर वीस वर्षांनी उघडतो तेव्हा ज्याने तिथे गणपतीत पन्नास माणसं जेवताना पाहिलेली असतात त्याला पडवीतली वाळवी बघवत नाही. परक्या माणसाला ते फक्त पडकं घर. असिमोव्हनी ट्रेव्हाइझला एकेका जुन्या 'स्पेसर' ग्रहावर, म्हणजे पृथ्वी सोडून गेलेल्यांच्या पहिल्या वसाहतींवर, नेलंय. अरोरा हा त्या सगळ्यांतला पहिला, सर्वांत मिजासखोर ग्रह. रोबॉटच्या पुस्तकांत तिथली माणसं पृथ्वीवाल्यांना जवळ उभं करत नाहीत. इथे अरोरावर माणूसच उरलेला नाही, रानटी झालेल्या कुत्र्यांची टोळी फिरतेय. सोलारिया 'द नेकेड सन'मध्ये (१९५७) येतो: अख्ख्या ग्रहावर २० हजार माणसं, माणशी १० हजार रोबॉट, आणि एकमेकांना प्रत्यक्ष भेटणं म्हणजे किळसवाणा प्रकार. पाचव्या पुस्तकात तोच सोलारिया इतका पुढे गेलाय की तिथल्यांना दुसऱ्या माणसाची गरजच उरलेली नाही, मूल होण्यासाठीसुद्धा. आणि मेल्पोमेनिया. हवा विरलेली, ग्रह मेलेला, एका दालनात पन्नास ग्रहांची नावं कोरलेली, आणि जिवंत काय तर शेवाळ, जे यानाच्या आणि अंगावरच्या पोशाखांच्या फटीतून झिरपणाऱ्या श्वासाच्या वासावर तुटून पडतं. सबंध मालिकेत मला इतकी भीती दुसरीकडे कुठे वाटली नाही. म्यूललाही नाही.

तर सल्ला: १४ वगैरे सोडा. 'केव्ह्ज ऑफ स्टील' आणि 'नेकेड सन' ही दोनच आधी वाचा. दोन्ही आटोपशीर आहेत, दोन्ही खुनाचा तपास आहेत, आईंनाही आवडतील. मग पाचवं. 'रोबॉट्स ऑफ डॉन' (१९८३) जाडजूड आहे, राहिलं तरी चालेल. 'रोबॉट्स अँड एम्पायर' (१९८५) मात्र मुद्दाम नंतर ठेवा. पृथ्वी किरणोत्सारी का झाली हे त्यात आहे, ते आधी कळलं तर ट्रेव्हाइझच्या शोधातली हवा जाते.

वादांबद्दल. मधलीसुट्टी, तुम्ही म्हणता ते खरं, ते दोघे फार बोलतात. पण ही पुस्तकं बोलण्यावरच उभी आहेत. चौथं लिहायला बसण्याआधी असिमोव्हनी आपलीच जुनी तिन्ही वाचून काढली. आता काहीतरी घडेल म्हणून वाट बघत राहिले आणि काहीच घडलं नाही, नुसते विचार आणि संवाद, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. डोळ्यांनी वाचताना हे खटकतं. कानांनी ऐकताना हेच सोयीचं पडतं, कारण ते जवळजवळ नभोनाट्य होतं. ताई, ब्लिसचा आवाज वेगळा काढता येतो का बघा.

आणि भांडतंय कोण हेही लक्षात घ्या. मालिकेची कल्पना सुचली तेव्हा लेखक २१ वर्षांचा होता, १९४१ चा ऑगस्ट, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसून संपादक कॅम्पबेलना भेटायला चालला होता. गणिताने माणसांच्या झुंडीचं भविष्य सांगता येईल यावर त्या पोराचा विश्वास. पाचवं आलं तेव्हा तो ६६ चा. 'मी गॅलेक्सिया (सगळ्या आकाशगंगेचं एकच मन) निवडलं, पण का निवडलं?' हा ट्रेव्हाइझचा प्रश्न म्हणजे म्हाताऱ्या असिमोव्हने तरुण असिमोव्हची उलटतपासणी घेणं आहे, असं मला वाटतं. एका मनाच्या आकाशगंगेची कल्पना त्याला पटलेलीही नाही आणि टाकवतही नाही. म्हणून तो वाद पुनःपुन्हा येतो. पन्नासेक पानं कमी असती तर बिघडलं नसतं, हेही खरं.

आता काकांचा प्रश्न. उत्तर वाईट आहे. हजार वर्षं पुरी होत नाहीत. पाचवं चौथ्याला लागूनच सुरू होतं आणि पाचशेच्या आसपासच संपतं. त्यानंतर असिमोव्ह पुढे गेलेच नाहीत, मागे गेले: 'प्रील्यूड' आणि 'फॉरवर्ड द फाउंडेशन' ही दोन्ही हॅरी सेल्डनच्या आयुष्याची. एप्रिल १९९२ मध्ये ते वारले, शेवटचं पुस्तक १९९३ मध्ये आलं. नंतर बेनफर्ड, बेअर आणि ब्रिन या तिघांनी एकेक कादंबरी लिहिली (१९९७ ते १९९९), पण त्याही सेल्डनच्याच काळातल्या. दुसरी पाचशे वर्षं कोरीच राहिली.

हे काकांना कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा.

शेवग्याचीशेंग

जुनंखोड, दंडवत घ्या.

अबोली, तुझ्या अवघड प्रश्नाकडे कुणी वळेना म्हणून मीच लिहिते. सासऱ्यांचा पाय मोडला होता तेव्हा चार महिने मी त्यांना वाचून दाखवत होते, त्यामुळे या कलेत मुरलेली आहे. चष्मा पुसायला काढायचा, "हं, मग ते दोघं रात्री तिथेच थांबले" म्हणायचं आणि दोन पानं उलटायची. ऐकणाऱ्याला सगळं समजतं, पण तो काही बोलत नाही. सभ्यपणाचा करार असतो तो.

या पुस्तकात तीन जागा आहेत आणि तिन्हींना वेगळा नियम लावायचा.

पहिली कोम्पोरेलॉनवर. तिथली वाहतूकमंत्री लिझालॉर यान जप्त करायला निघालेली असते आणि ट्रेव्हाइझ तिला 'पटवतो'. खुशाल गाळ. एका वाक्यात आटपतं. मात्र त्या ग्रहावरची पृथ्वीच्या नावाची धास्ती गाळू नकोस. तिथे पृथ्वीचं नाव तोंडातून काढणं अशुभ, लगेच बोटांची खूण करतात आणि 'सर्वांत जुनी' असं आडून म्हणतात. रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात ना, तस्सं. तुझ्या आईला हे लगेच पटेल.

दुसरी सोलारियाची. तिथली माणसं उभयलिंगी आहेत आणि बँडर नावाचा एक जण त्यावर अभिमानाने भाषण देतो. अवघडायला होईल, पण वाच. फॅलम हे पोर तिथलंच. ते का वेगळं आहे हे ऐकणाऱ्याच्या कानावरून गेलं नसेल तर पुस्तकाचं शेवटचं वाक्य फुकट जातं.

तिसरी अल्फाची, हिरोकोची. तिथल्या बायकांचा पेहराव आणि तिचं ट्रेव्हाइझवर भाळणं निम्म्यावर आण. संपूर्ण गाळता येणार नाही, कारण पाहुण्यांना जिवंत सोडायचं नाही असा तिथल्यांचा बेत असतो आणि सावध करते ती हिरोकोच. का करते? फॅलमने नुसत्या मनाने वाजवलेली बासरी तिला विसरता येत नाही म्हणून. तो बासरीचा भाग सावकाश वाच. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात सुंदर तुकडा तोच.

मधलीसुट्टी

हरलो. बासरीचं मी साफ विसरलो होतो.

तरीही ऐंशी पानं कापायलाच हवीत. जुनंखोड पन्नास म्हणतात, आपण पासष्टवर सौदा करू.

रात्रपाळी

इतकं कशाला, सरळ टीव्हीवरची मालिका लावा ना. २०२१ पासून येतेय, जॅरेड हॅरिस सेल्डन झालाय, बघायला जबरदस्त आहे.

तिरपागडा

रात्रपाळी, धागा वाचा हो. काकांना मधलं दिसत नाही, आणि त्या मालिकेची अर्धी गंमत बघण्यात आहे. शिवाय तिच्यातले सम्राटाचे क्लोन पुस्तकात नाहीतच. काका कॅलेंडरवर सनावळी लिहून घेणारे गृहस्थ आहेत, तिसऱ्या मिनिटाला हरकत घेतील.

रात्रपाळी

अरेरे, शेवटून वाचायला लागलो होतो. माफी. काकांना नमस्कार.

भरपाई म्हणून एक कामाचं: शनीची कडी. ट्रेव्हाइझसोबतचा इतिहासकार पेलोराट, त्याच्या दंतकथांमध्ये खूण सांगितलीय की पृथ्वीच्या सूर्याच्या सहाव्या ग्रहाला भलीमोठी कडी आहेत आणि पृथ्वीला अवाढव्य चंद्र. पुस्तकातल्या लोकांना ही भाकडकथा वाटते, असं कुठे असतं का म्हणतात. आपल्याला मात्र पहिल्या सेकंदाला कळलेलं असतं. तिथे जरा थांबून वाचा, काकांना बोलायला जागा द्या.

अबोली_७

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

जुनंखोड काका, तुमचा मार्ग धरला. 'केव्ह्ज ऑफ स्टील' आजपासून. हजार वर्षांचं अजून सांगितलेलं नाही. कॅलेंडर पुढच्या वर्षीचं लावलं तेव्हा त्यांनी मागचं पान जपून फाडून ठेवायला सांगितलं, तेव्हा फारच जड गेलं.

अबोली_७ (अडीच महिन्यांनंतर)

धागा वर काढतेय, कारण काल रात्री 'फाउंडेशन अँड अर्थ' संपलं.

क्रमाने सांगते. बेली बाबांना पहिल्या दिवसापासून आवडला. "हा सरकारी नोकर आहे, याला वरिष्ठांची भीती वाटते, हा खरा माणूस," म्हणाले. 'नेकेड सन'मधला सोलारिया ऐकून आई म्हणाली, "कोणाचं तोंड बघायला नको आणि हाताखाली दहा हजार नोकर. यात वाईट काय?" आणि आठवडाभर स्वयंपाकघरात गेली की "माझा रोबॉट कुठाय" म्हणून मला हाक मारत होती.

मग पाचवं. वाद खरंच लांब आहेत. ब्लिसचा आवाज वेगळा काढायचा प्रयत्न केला, तो आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखा येऊ लागला, त्यामुळे बाबा ट्रेव्हाइझच्या बाजूने गेले ते गेलेच. मी साधारण चाळीस पानं गाळली (मधलीसुट्टी, सौदा आणखी खाली आलाय). कोम्पोरेलॉनला चष्मा पुसला. बाबा म्हणाले, "दोन पानं उलटल्याचा आवाज आला." आई हसत सुटली. मीही. करार कसला नि काय!

अरोरावर कुत्रे आले तेव्हा बाबांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, "फास्टॉल्फचा ग्रह ना हा?" ('केव्ह्ज ऑफ स्टील'मधला अरोराचा शास्त्रज्ञ तो.) हो म्हटलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत, वाच म्हणालेही नाहीत. त्या रात्री तिथेच थांबलो. जुनंखोड काका, कोकणातल्या घराचं तुम्ही लिहिलेलं मला तेव्हा कळलं. आमचं घर देशावरचं, पण तेही विकलंय.

शनीच्या कड्यांपाशी रात्रपाळींनी सांगितल्याप्रमाणे थांबले. बाबा विजयी मुद्रेने म्हणाले, "शनी!" आणि आई म्हणाली, "साडेसातीच आहे त्यांच्या मागे."

आणि चंद्र. त्याने नाव सांगायच्या आधीच, नुसतं वर्णन चालू असताना बाबा म्हणाले, "डॅनील आहे." मी पुढचं वाक्य वाचलं. बाबांचे डोळे तसेही पाणावलेलेच असतात, औषधामुळे, त्यामुळे त्याबद्दल खात्रीने काही लिहीत नाही.

शेवटचा परिच्छेद तीनदा वाचायला लावला. मानवाखेरीज दुसरी बुद्धिमान जात नाही हे सेल्डनने गृहीत धरलं होतं, आणि ते गृहीतक बाहेरून कुणी आलं तर मोडेल, असं ट्रेव्हाइझ म्हणतो. आणि शेजारी फॅलम बघत बसलेलं असतं. बाबांची हरकत वेगळीच: "बाहेरून कशाला यायला हवं? हा डॅनील वीस हजार वर्षं आतच बसलाय. तो काय माणूस आहे? गृहीतक पहिल्या दिवसापासून चुकीचं होतं." मला तर यावर उत्तर सुचलं नाही.

मग त्यांनी विचारलं, पुढचं कधी आणतेस. तेव्हा सांगावं लागलं. पुढचं नाही, मागचं आहे फक्त. त्यांनी एकदाच "हं" केलं. झोपायला जाताना म्हणाले, "पाचशे वर्षांची बाकी ओढून खातं बंद केलं म्हणायचं." आज सकाळपासून जरा गप्प आहेत.

तिरपागडा

थांबा थांबा. अबोली, काकांचं ते २२ रुपयांतलं पहिलं पुस्तक आहे ना जवळ? पहिलं प्रकरण उघडा, गाल डॉर्निक साम्राज्याच्या राजधानीला, ट्रँटरला येतो ते. सुरुवातीला ज्ञानकोशातला उतारा आहे, 'एन्सायक्लोपीडिया गॅलॅक्टिका'चा. त्याच्या खाली तळटीप आहे. ती वाचा. त्यात साल दिलंय.

जुनंखोड

अरे! खरंच की. चाळीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही.

अबोली_७

वाचली. बाबांसमोरच वाचली, मुद्दाम आधी बघितली नाही.

तळटीपेत म्हटलंय की सगळे उतारे ज्ञानकोशाच्या ११६ व्या आवृत्तीतून घेतलेत, प्रकाशन टर्मिनस (फाउंडेशनचा ग्रह), फाउंडेशन सन १०२०, आणि प्रकाशकांच्या परवानगीने.

बाबा ताडकन उठून बसले. पहिला प्रश्न: "ही तू दिवाळीत वाचली का नाहीस?" मी म्हटलं, तळटीप होती, बारीक अक्षरात, सोडली. तर म्हणाले, "३४ वर्षं मी लोकांच्या तळटीपा तपासून पगार घेतला." आई म्हणाली, "आता हिचा पगार कापा."

कॅलेंडरचं जुनं पान काढायला लावलं. ४९८ च्या खाली १०२० लिहून घेतलं, पुढे कंसात 'व्हाउचर आहे' असंही.

आणि तुमच्यासाठी निरोप दिलाय, जसाच्या तसा लिहिते: "त्यांना विचार, १०२० साली प्रकाशकाची परवानगी घ्यावी लागते, म्हणजे प्रकाशक वेगळा आणि मागणारा वेगळा. सगळ्यांचं एक मन झालं असतं तर परवानगी कोण कोणाकडे मागणार? आणि ज्ञानकोश तरी कोणासाठी छापणार? म्हणजे गॅलेक्सिया झालेलंच नाही. ट्रेव्हाइझचा निर्णय फिरला किंवा फिरवला. कोणी फिरवला?"

उत्तर आजच्या आज हवंय म्हणाले.

मधलीसुट्टी

ब्लिस तर म्हणते की गॅलेक्सिया व्हायला शतकं लागतील. १०२० पर्यंत झालं नसेल, एवढंच. काकांना सांगा, काम चालू आहे.

अबोली_७

सांगितलं. "पाचशे वर्षांत एक परवाना विभाग बंद करता आला नाही, तर ते कसलं एक मन?"

शेवग्याचीशेंग

काकांना सभासद करून घ्या रे कुणीतरी. अबोली टंकेल.

जुनंखोड

ताई, काकांना माझा नमस्कार सांगा आणि उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घ्या. पहिलं पुस्तक कपाटात सापडत नाहीये, आणि फॅलमबद्दल मला एक शंका आलीय.